'टर्निंग पॉइंट'वाले यशपाल आठवतात का?

गच्चीवरचा_अँटेना

२४ ऑक्टोबर १९९५ च्या खग्रास सूर्यग्रहणाची माझी आठवण आकाशाची नाही, टीव्हीची आहे. ऐन दिवाळीतली सकाळ. घरात आजीचं राज्य, त्यामुळे दारं-खिडक्या बंद, फराळाच्या डब्यांवर तुळशीची पानं, आणि चिवडा मिळत नाही म्हणून रुसलेली आम्ही तिघं भावंडं दूरदर्शनसमोर. धाकटा काका तेवढा जुन्या एक्स-रेची फिल्म घेऊन गुपचूप गच्चीवर सटकला होता.

चंद्राची सावली राजस्थानात शिरून बंगालमधल्या डायमंड हार्बरकडून बाहेर पडली. त्या वेळी टीव्हीवर जे गृहस्थ हे सगळं समजावून सांगत होते ते प्रा. यशपाल. पांढरे केस, चष्मा, पंजाबी वळणाची हिंदी. आजी थोडा वेळ ऐकत राहिली आणि मग म्हणाली, "ग्रहणात हे एवढे आनंदात कसे?"

हा धागा आजीच्या त्या प्रश्नापोटी.

बहुतेकांना यशपाल म्हटलं की 'टर्निंग पॉइंट' आठवतं. दूरदर्शनवर १९९१ ला सुरू झालेला कार्यक्रम, प्रेक्षकांनी प्रश्न पाठवायचे आणि यांनी उत्तरं द्यायची. त्यावरून सरसकट म्हटलं जातं की एक शास्त्रज्ञ निवृत्तीनंतर टीव्हीवर गेला. मला हे साफ उलटं वाटतं. यशपाल पडद्यावर दिसायच्या पंधरा-सोळा वर्षं आधीच हा माणूस टीव्ही खेड्यात पोचवण्याच्या कामात मुंडी घालून बसला होता.

थोडक्यात सांगतो. जन्म १९२६ चा, झंगचा, म्हणजे आता पाकिस्तानात. फाळणीच्या धामधुमीत पंजाब विद्यापीठातून भौतिकशास्त्र, मग मुंबईला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत (टीआयएफआर) कॉस्मिक किरणांवर, म्हणजे अंतराळातून येणाऱ्या वेगवान कणांवर, काम. मधे अमेरिकेत एमआयटीला जाऊन १९५८ ला डॉक्टरेट. परत टीआयएफआर. १९७३ ला इस्रोच्या अहमदाबादमधल्या स्पेस ॲप्लिकेशन्स सेंटरचे संचालक झाले आणि समोर आला 'साइट': सॅटेलाइट इन्स्ट्रक्शनल टेलिव्हिजन एक्स्पेरिमेंट. कल्पना विक्रम साराभाईंची, नासाशी करार १९६९ चा, पण साराभाई १९७१ च्या डिसेंबरात गेले. करून दाखवायचं काम मागच्यांवर आलं.

१ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६. सहा राज्यं, सुमारे २४०० गावं. नासाचा एटीएस-६ उपग्रह वर्षभर उसना घेतलेला. गावातल्या शाळेजवळ किंवा पंचायतीच्या आवारात दहा फुटी अँटेना, आणि ती कशाची? कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात त्या जाळीची. काही गावांत वीज नव्हती, तिथे संच बॅटरीवर. सकाळी शाळेच्या मुलांसाठी, संध्याकाळी सगळ्या गावासाठी, दिवसाला चार तास. मुंबई-दिल्लीच्या दिवाणखान्यांतसुद्धा टीव्ही अपूर्वाईचा होता तेव्हाची ही गोष्ट.

या कामात आपली मराठी माणसंही बिनीला होती. एकनाथ चिटणीस साइटचे कार्यक्रम व्यवस्थापक, आणि इस्रोचे अभियंते प्रमोद काळे.

माझा मुद्दा एवढाच की बोलायच्या आधी या माणसाने समोर कोण बसलंय ते पाहिलं. साइटच्या वेळी संशोधक गावांत मुक्काम ठोकून राहिले होते, लोक काय बघतात, काय कळतं, कुठे उठून जातात याच्या नोंदी घेत. १९९१ ला कॅमेऱ्यासमोर बसलेल्या यशपालांच्या पाठीशी ही शिदोरी होती.

तुमच्या आठवणी लिहा. एखादा भाग स्पष्ट आठवत असेल तर फारच उत्तम.


खारुताई

वा! गिरीश कर्नाड यायचे ना सूत्रसंचालनाला? मला कर्नाड आवडायचे, म्हणून बघायचे. मग हळूहळू कर्नाडांचा भाग संपून आजोबा कधी येतात याची वाट बघायला लागले.


अर्धवटराव_बीएस्सी

धागा छान. पण एक शंका, चिडू नका.

यशपालांचं स्वतःचं संशोधन किती? म्हणजे १९७३ ला अहमदाबादला गेले, ८१ पर्यंत तिथे, मग व्हिएन्नाला भरलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या अंतराळ परिषदेचे महासचिव, मग योजना आयोग, ८४ ते ८६ विज्ञान-तंत्रज्ञान खात्याचे सचिव, ८६ ते ९१ यूजीसीचे (विद्यापीठ अनुदान आयोगाचे) अध्यक्ष. ही सगळी खुर्चीची कामं. त्यात टीव्ही. प्रयोगशाळा कुठे राहिली? आपल्याकडे एखादा टीव्हीवर दिसला की तो 'महान शास्त्रज्ञ'. जे आयुष्यभर प्रयोगशाळेत घासले त्यांचं नाव कुणाला माहीत नाही. नारळीकरांचं वेगळं, त्यांनी संशोधनही चालू ठेवलं आणि लोकांसाठी लिहिलंही.


गच्चीवरचा_अँटेना

@अर्धवटराव, चिडलो नाही, पण सोडणारही नाही. :)

टीआयएफआरमधली वीसेक वर्षं तुम्ही एका उडीत ओलांडलीत. बर्नार्ड पीटर्स नावाचा मोठा शास्त्रज्ञ १९५१ ला अमेरिका सोडून टीआयएफआरला आला. त्याच्या गटाने फोटोग्राफिक इमल्शनच्या (फोटोच्या फिल्मवर असतो तशा रसायनाच्या थराच्या) पट्ट्या बलूनला बांधून वर पाठवल्या आणि कॉस्मिक किरणांतले कण पकडले. के-मेसॉन नावाचे कण त्या काळी नवे होते, त्यांच्या अभ्यासात या गटाचं नाव होतं. यशपाल त्यातच तयार झाले. कॉस्मिक किरण वातावरणातून खाली येताना कसे वागतात आणि त्यातून दुय्यम कण कसे निघतात यावरचा पाल आणि पीटर्स यांचा १९६४ चा निबंध त्या विषयातले लोक पुढेही उद्धृत करत राहिले.

राहिलं खुर्चीचं. सत्तेचाळिसाव्या वर्षी चालू असलेलं बरं काम सोडून कोंबडीच्या जाळीच्या अँटेनांमागे लागणं याला मी तरी खुर्ची म्हणणार नाही. पुढची पदं, हो, ती खुर्चीचीच. तेवढं मान्य.


मावशीची_भाची

इमल्शनचा विषय निघाला म्हणून लिहिते, एरवी मी वाचनमात्र.

माझी मावशी साठच्या दशकात अशाच एका प्रयोगशाळेत 'स्कॅनर' होती. या कामाला तेव्हा बऱ्याच बायका असत. इमल्शनची पट्टी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायची, भिंग आणि पट्टीच्या मधे तेलाचा थेंब, आणि दिवसभर डोळा लावून बसायचं. थर जाड असतो, त्यामुळे कणाची रेघ एका नजरेत पूर्ण दिसत नाही. फोकस वरखाली करत तिच्या मागोमाग खोल उतरावं लागतं. हलका कण असला तर विरळ ठिपके, जड अणुकेंद्रक असलं तर जाड, काळी, केसाळ रेघ. आणि जिथे एखादं केंद्रक फुटलं असेल तिथून चहूकडे रेघा फुटलेल्या, त्याला ते 'स्टार' म्हणत.

मावशी संध्याकाळी घरी येऊन सांगायची, आज तीन स्टार मिळाले. चाळीतल्या बायकांना कित्येक महिने वाटत होतं की ही स्टुडिओत नोकरीला आहे.

अर्धवटराव, जे घासले त्यांची नावं कुणाला माहीत नाहीत हे तुमचं वाक्य मला पटलं. पण त्याचा दोष टीव्हीवर दिसणाऱ्याच्या माथी का? मावशीला 'टर्निंग पॉइंट' लागलं की कोण आनंद व्हायचा. "आमच्या कॉस्मिक किरणवाल्यांपैकी आहेत," असं सगळ्यांना सांगायची.


अर्धवटराव_बीएस्सी

@भाची, दंडवत. वेगळा धागा काढा मावशींवर.

आणि अँटेनासाहेब, १९६४ च्या निबंधाबद्दल माहीत नव्हतं. शब्द अर्धे मागे घेतो. अर्धेच.


नाना_डोंबिवली

आता म्हाताऱ्याची एक आठवण घ्या.

१६ फेब्रुवारी १९८०. तेव्हाही खग्रास, पट्टा कर्नाटक-आंध्रातून गेलेला, मुंबईत खंडग्रास. दुपारची वेळ. रस्ते असे ओस की कर्फ्यू लागला असं वाटावं. लोकल रिकाम्या. आणि लोकांनी घराबाहेर पडू नये म्हणून दूरदर्शनने काय केलं असेल? चक्क हिंदी सिनेमा लावला. डोळे जातील ही भीती खरीच होती, पण चष्मा कसा वापरायचा, कागदाला भोक पाडून सूर्य कसा बघायचा हे सांगण्यापेक्षा सिनेमा लावणं सोपं. मीही घरात बसून तो सिनेमाच पाहिला, खोटं कशाला बोलू.

पंधरा वर्षांनी तेच दूरदर्शन ग्रहणाचं थेट प्रक्षेपण करतंय आणि एक भौतिकशास्त्रज्ञ ते रंगवून सांगतोय. मधल्या पंधरा वर्षांत जे बदललं त्याचं सगळं श्रेय एकट्या यशपालांना देणार नाही. लोकविज्ञानवाले, अंनिसवाले, शाळाशाळांतून फिरणारे कितीतरी होते. पण सरकारी माध्यमाने बाजू बदलली त्यात त्यांच्यासारख्यांचा वाटा मोठा.


गच्चीवरचा_अँटेना

नाना, हे माहीत नव्हतं. एकाच वाहिनीवर आधी सिनेमा आणि मग यशपाल!


सूर्यफूल

एक महत्त्वाचं. धाग्यात एक्स-रे फिल्मचा उल्लेख आलाय. कृपया कुणी तसं करू नका. ती काळी दिसते, पण अवरक्त किरण तिच्यातून आत येतात. नेत्रपटलाला वेदना होत नाहीत, त्यामुळे भाजल्याचं त्या वेळी कळतही नाही. ग्रहणासाठीचे प्रमाणित चष्मे मिळतात. नाहीतर सूर्याकडे पाठ करा आणि झाडाखालची जमीन बघा.

९५ ला मी हेच केलं. आमच्या अंगणात शहाबादी फरशी आणि वर आंब्याची फांदी. एरवी पानांमधून फरशीवर गोल कवडसे पडतात, त्या दिवशी शेकडो चंद्रकोरी. पानांमधली प्रत्येक फट म्हणजे सूचिछिद्र कॅमेरा. माझी आई, जी बाहेर यायला अजिबात तयार नव्हती, ती उंबऱ्यातून बघत राहिली आणि मग एक पाय फरशीवर टाकून पायावर चंद्रकोर घेतली.


चहाबाज

ग्रहणाच्या महिनाभर आधीच गणपती दूध प्यायला होता ते विसरलात वाटतं. २१ सप्टेंबर १९९५! आमच्या गल्लीत दुधाच्या पिशव्या सकाळी दहालाच संपल्या.

आमच्या वडिलांनी काय करावं? घरातला पितळी अडकित्ता उभा धरला, काठोकाठ भरलेला चमचा त्याच्या टोकाला टेकवला. अडकित्ताही दूध प्यायला. मग दुधात चिमूटभर कुंकू टाकलं आणि पुन्हा टेकवलं, तर लाल ओघळ टोकावरून खाली उतरताना सगळ्यांना दिसला. द्रवाचा पृष्ठताण चमच्याच्या काठावरचं दूध ओढून घेतो आणि ते पातळ थराने मूर्तीवरून खाली वाहतं. पांढऱ्या संगमरवरावर पांढरं दूध, कोणाला दिसणार? आई चार दिवस वडिलांशी बोलली नाही, कुंकवामुळे.

'टर्निंग पॉइंट'ने काय केलं असं कुणी विचारलं तर मी हेच सांगेन. वडील कारकून होते, दहावी पास. दर आठवड्याला तो कार्यक्रम बघायचे. 'करून बघू' हा शब्द आमच्या घरात तिथून आला.


काडीपेटी

सगळे भक्तिभावात आहेत म्हणून जरा काडी टाकतो.

'साइट' सुरू झाली तेव्हा देशात आणीबाणी होती, सव्वा महिनाच झाला होता. गावोगावी सरकारी टीव्ही पोचवला म्हणजे आधी काय पोचलं असेल याचा विचार करा. बरं, वर्ष संपलं आणि उपग्रह परत गेला. गावकऱ्यांच्या सवयीचं काय? डबे बसले मुके होऊन. पुढे भारताचा स्वतःचा उपग्रह इनसॅट-१बी सुरळीत चालू व्हायला १९८३ उजाडलं. प्रयोग शास्त्रज्ञांचा यशस्वी, गावाच्या हाती काय?


गच्चीवरचा_अँटेना

@काडीपेटी, काडी बरोबर जागी पडलीय.

आणीबाणीचं नाकारत नाही. वर्षाने उपग्रह गेला हे तर करारातच होतं, आणि तीच त्या प्रयोगाची सगळ्यात दुखरी बाजू. काही भागांत जमिनीवरचे ट्रान्समीटर उभे करून प्रक्षेपण चालू ठेवलं, सगळीकडे नाही.

पण जोडीला खेडा जिल्ह्याचं उदाहरण बघा. पीज गावात छोटा ट्रान्समीटर होता आणि स्पेस ॲप्लिकेशन्स सेंटर त्यावरून स्थानिक कार्यक्रम करत असे. दिल्लीहून आलेलं नव्हे, त्याच जिल्ह्यातल्या माणसांचं, त्यांच्या बोलीतलं. दूधवाले, शेतमजूर, सावकारी, अस्पृश्यता, असे विषय. गावकरी स्वतः त्यात काम करायचे. त्या प्रकल्पाला १९८४ ला ग्रामीण संवादासाठीचं युनेस्कोचं पारितोषिक मिळालं. म्हणजे टीव्ही उलट्या दिशेनेही चालू शकतो, गावाकडून वर, हे त्यांना तेव्हाच कळलेलं होतं. देशाने ते पुढे नेलं नाही ही गोष्ट वेगळी.

(अवांतर: साइटची एक अँटेना इस्रोच्या लोकांनी कोलंबोत विज्ञानकथालेखक आर्थर क्लार्कच्या घरी बसवून दिली होती. ज्याने १९४५ ला संदेशवहनाच्या उपग्रहांची कल्पना मांडली त्याच्याच घरी.)


अर्धवटराव_बीएस्सी

पुन्हा मीच. टीव्हीवर 'कॉसमॉस' मालिका करणाऱ्या खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगनला १९९२ ला अमेरिकेच्या नॅशनल अकॅडमीने सदस्यत्व नाकारलं होतं, टीव्हीवरची लोकप्रियता आडवी आली असं तेव्हापासून बोललं जातं. आपल्याकडे उलट झालं. साइट संपलं त्याच वर्षी, १९७६ ला, यशपालांना पद्मभूषण. पुढे २००९ ला विज्ञानप्रसारासाठीचं कलिंग पारितोषिक, २०१३ ला पद्मविभूषण. पण सरकारने मान दिला म्हणून संशोधन संस्थांत मान असतो असं नाही. आमच्या विभागात एक प्राध्यापक शाळांत जाऊन व्याख्यानं द्यायचे, तर मागे त्यांना 'कीर्तनकार' म्हणत. मी पण म्हटलंय. आज लाज वाटते.


आयुकाची_शेजारीण

नारळीकरांचा उल्लेख वर आला म्हणून. 'नारळीकरांचं वेगळं' म्हणताय, पण त्यांच्या आयुष्यातल्या एका मोठ्या वळणावर यशपालच उभे आहेत. यूजीसीचे अध्यक्ष असताना त्यांनी आंतरविद्यापीठीय केंद्रांच्या कल्पनेला जोर दिला, खगोलशास्त्रासाठीच्या केंद्राची जबाबदारी नारळीकरांना घ्यायला सांगितली, आणि १९८८ ला पुण्यात आयुका उभी राहिली. खुर्चीची कामं, खुर्चीची कामं म्हणता ना, त्यातलंच हे एक.

मी शाळेत असताना नारळीकरांची सही मागायला गेले होते. ते सही देत नसत. म्हणायचे, पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठव, उत्तराखाली सही मिळेल. मी तीन आठवडे प्रश्न शोधत होते. तोवर मला वाटायचं, मला खूप प्रश्न आहेत! चांगला प्रश्न लिहायला बसल्यावर कळलं. शेवटी 'चंद्र आपल्याबरोबर चालतो असं का वाटतं' हा पाठवला. उत्तर आलं, ते कार्ड आहे अजून.

यशपाल आणि नारळीकर दोघांचंही इंगित हेच असावं, उत्तर देणारे पुष्कळ असतात, यांनी प्रश्न मागवले. यशपालांना एखादं उत्तर येत नसेल तर 'मला माहीत नाही' असं सरळ म्हणायचे, मग हात हलवत मोठ्याने विचार सुरू व्हायचा. मला तो भाग उत्तरापेक्षा आवडायचा.


काळाकोट

कायद्याच्या विद्यार्थ्यांना यशपाल वेगळ्याच कारणाने पाठ असतात. 'प्रा. यशपाल विरुद्ध छत्तीसगड राज्य', सर्वोच्च न्यायालय, २००५. छत्तीसगडने २००२ ला कायदा केला आणि बघता बघता शंभराहून जास्त खासगी विद्यापीठं कागदावर उगवली. कित्येकांना इमारत नाही, आवार नाही, एका खोलीत विद्यापीठ. पंचाहत्तरी ओलांडलेला हा माणूस त्याविरुद्ध न्यायालयात गेला आणि ती रद्द झाली. टीव्हीवरचे प्रेमळ आजोबा एवढीच ओळख नको.


फळा_डस्टर

मी शिक्षिका. माझ्यासाठी यशपाल म्हणजे १९९३ चा 'ओझ्याविना शिक्षण' अहवाल. दप्तराचं वजन हा विषय, पण अहवालाने बोट ठेवलं ते वेगळ्या ओझ्यावर: शिकवलं पुष्कळ जातं, समजतं थोडं. पुढे २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याच्या सुकाणू समितीचे अध्यक्षही तेच. सत्तरच्या दशकात होशंगाबादच्या सोळा शाळांत 'करून शिका' पद्धतीचा विज्ञान कार्यक्रम सुरू झाला, त्यालाही त्यांचा आधार होता. म्हणजे टीव्ही, शाळा, यूजीसी सगळीकडे एकच धून.

मी ज्या शाळेत आधी होते तिथे या अहवालावर आमचं प्रशिक्षण झालं. चार दिवस. शेवटी आम्हाला दोन किलोची फाईल दिली. 'ओझ्याविना' असं वर छापलेलं.


काडीपेटी

@फळा_डस्टर, हा प्रतिसाद धाग्यातला सर्वोत्तम. माझी काडी विझली.


खारुताई

परवा भाच्याने विचारलं, ग्रहण दर अमावास्येला का होत नाही? मी गप्प. यशपाल असते तर...


सूर्यफूल

@खारुताई, दोन बांगड्या घ्या, एक मोठी एक लहान. मोठी टेबलावर आडवी, तिच्या मधोमध दिवा. हा पृथ्वीचा मार्ग. छोटी चंद्राची, तिचा मध्य मोठीच्या काठावर धरा, तिथे पृथ्वी. आता छोटी किंचित तिरकी करा, पाचेक अंश. तिचा अर्धा भाग टेबलाच्या पातळीच्या वर, अर्धा खाली, आणि पातळीला छेदणारे बिंदू फक्त दोन. अमावास्येला चंद्र त्या बिंदूच्या जवळपास असेल तरच सावली पृथ्वीवर पडते, नाहीतर वरून किंवा खालून निघून जाते. ते दोन बिंदू म्हणजे राहू आणि केतू. भाच्याला हे नक्की सांगा, आजी-आजोबाही ऐकायला येतील.

आणि तयारीला लागा. २ ऑगस्ट २०२७ ला आपल्याकडून खंडग्रास दिसणार आहे, दुपारनंतर.


नाना_डोंबिवली

ऑगस्टमध्ये? कोकणपट्टीत? सूर्य?


गच्चीवरचा_अँटेना

टीव्ही लावू, नाना.